पाहणी: चावडीच्या दप्तरापासून बांधावरच्या मोबाइलपर्यंत

ऑगस्टच्या अखेरीस बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही रस्त्याने गेले, तरी कपाशी-सोयाबीनच्या रानात एक दृश्य हमखास दिसते. बांधावर दोघे उभे असतात. एक साठीच्या पुढचा, पाय चिखलाने भरलेले. दुसरा कॉलेजात जाणारा, हातात मोबाइल. तरुण उन्हाकडे पाठ करतो, पडद्यावर स्वतःची सावली धरतो आणि विचारतो, "आबा, कपाशी किती?" आबा सांगतात, "दोन एकर." तरुण आकडा टाकतो: ०.८१. आबांना तो पटत नाही. दोन एकरांचे धड एकसुद्धा कसे भरत नाही? मग समजावून सांगावे लागते की ॲपला एकर-गुंठे चालत नाहीत, हेक्टर-आर लागतात. सातबाऱ्यावरही तेच लिहिलेले असते, फक्त आजवर तो आकडा दुसरे कोणी तरी लिहीत आले.

मग दोघे रानात चार पावले आत जातात. अक्षांश-रेखांश मिळेपर्यंत थांबायचे, पिकाचा फोटो घ्यायचा, माहिती बरोबर असल्याच्या चौकटीवर खूण करायची आणि अपलोड म्हणायचे. रेंज असली तर काम मिनिटभराचे. नसली तर माहिती फोनमध्ये घेऊन टेकाड चढायचे. या साऱ्याला जिल्ह्यात एकच शब्द आहे, 'पाहणी'. "पाहणी केली का?" हा प्रश्न त्या दिवसांत चहाच्या टपरीवर, एसटी स्टँडवर, दूध डेअरीच्या रांगेत सारखा कानावर येतो.

ॲपचे नाव ई-पीक पाहणी. ते २०२१ मध्ये आले. पाहणी मात्र त्याच्या कितीतरी आधीची आहे. बीडमध्ये या एका शब्दाला एका प्रथेचा इतिहास चिकटलेला आहे, आणि नव्या सॉफ्टवेअरविषयी इथल्या माणसाचे मत कसे बनते हे त्या इतिहासावाचून कळत नाही. आपल्या रानाची नोंद कोणाच्या हाताने होते, हा इथे पिढ्यान्‌पिढ्या जिव्हाळ्याचा प्रश्न राहिला आहे. ॲपकडेही लोक त्याच प्रश्नाने पाहतात.

बीड जिल्हा १९४८ पर्यंत निझामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आले, १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला आणि १ मे १९६० पासून तो महाराष्ट्रात आहे. राज्यकर्ते बदलले तशी दप्तराची भाषा बदलली. निझामाच्या काळात वरच्या कचेऱ्यांचा कारभार उर्दूत चाले. गावपातळीवर पटवारी मोडी लिहीत. शेतकरी मराठी बोलायचा, पण त्याच्या जमिनीचा कागद ज्या लिपीत होता ती त्याला येत नसे. कागद वाचून घ्यायला माणूस गाठावा लागे, आणि जो वाचून दाखवी त्याच्या शब्दावर विसंबावे लागे.

हैदराबादच्या दप्तरातल्या दोन कागदांची नावे मराठवाड्यात आजही घरोघरी माहीत आहेत: खासरा पत्रक आणि पाहणी पत्रक. १९५४ च्या सुमारास हैदराबाद राज्यात जी खासरा पत्रके तयार झाली, ती वारसाच्या आणि हद्दीच्या वादात अजून काढली जातात. सप्टेंबर २०२३ मध्ये मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा हे जुने दप्तर पुन्हा उघडले. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली. पणजोबांच्या नावापुढे काय लिहिले आहे हे जाणून घेण्यासाठी तहसील कचेरीत लोक गोळा होऊ लागले. ती अक्षरे ज्याने लिहिली तो पटवारी कधीच गेला होता. त्याने काय पाहिले आणि काय लिहिले, यावर नातवंडांचे दाखले ठरत होते.

महाराष्ट्रात आल्यावर पटवाऱ्याचा तलाठी झाला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आली आणि तिच्याखालचे अधिकार अभिलेखाचे नियम १९७१ चे. ज्याला आपण सातबारा म्हणतो ते मुळात दोन नमुने आहेत. गाव नमुना सात म्हणजे जमीन कोणाची. गाव नमुना बारा म्हणजे त्या जमिनीत यंदा काय पिकले. सातमध्ये फेरफार झाल्याशिवाय बदल होत नाही, बारा मात्र दरवर्षी नव्याने भरावा लागतो. तो भरण्यासाठी हंगामात पीक उभे असताना तलाठ्याने शेतावर जायचे, गावाला निदान सात दिवस आधी कळवायचे, खातेदारांसमक्ष पाहायचे आणि मग लिहायचे, असा नियम.

नियम नेटका होता, पण एका सजात अनेक गावे, एकेका गावात शेकडो गट, आणि तलाठ्यामागे निवडणुकीपासून टंचाईपर्यंतची कामे. त्यामुळे पाहणी पुष्कळदा चावडीतच होई. गेल्या वर्षीचे पीक यंदाही पुढे ओढले जाई. ज्या रानात तूर उभी त्याच्या बाऱ्यावर बाजरी, आणि जिथे नवी विहीर झाली तिथे अजून 'जिरायत', अशा तक्रारी मराठवाड्यातल्या प्रत्येक गावाने केलेल्या आहेत. एरवी या नोंदीकडे कोणी पाहिलेही नसते. पण बँकेचे पीककर्ज, दुष्काळाचे अनुदान, पीकविमा, हमीभाव केंद्रावर तूर किंवा सोयाबीन घालणे, प्रत्येक ठिकाणी बाऱ्यावरचे पीक विचारले जाते. ज्या जिल्ह्याने १९७२ चा, २०१२-१३ चा आणि २०१५-१६ चा दुष्काळ पाहिला, तिथे या एका रकान्याची किंमत प्रत्येक घराला माहीत आहे.

म्हणून तहसील कचेरीच्या आवाराबाहेर नेहमीच एक वस्ती असे. आधी अर्ज लिहून देणारे, मग टंकलेखन यंत्र घेऊन झाडाखाली बसणारे, मग संगणकाची टपरी. नव्वदीच्या दशकात आणि त्यानंतर या टपऱ्यांत श्रीलिपी, आकृती, आयएसएम ही मराठी अक्षरांची सॉफ्टवेअर आली. टंकलेखनाची परीक्षा दिलेली मुले रेमिंग्टनच्याच पद्धतीने संगणकावर झरझर मराठी टाइप करू लागली. या फाँटांची एक गंमत होती: एका दुकानात टाइप केलेला अर्ज दुसऱ्या दुकानात उघडला की अक्षरांच्या जागी नुसती चिन्हे दिसत. युनिकोड रुळेपर्यंत मराठी मजकूर असा एकेका दुकानाशी बांधलेला होता. ज्याच्याकडे अर्ज पहिल्यांदा टाइप झाला त्याच्याकडेच दुरुस्तीला परत जावे लागे.

नव्या सहस्रकाच्या पहिल्या काही वर्षांत एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम तालुक्याच्या गावांत पोहोचला. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने तो चालवला. नोकरीच्या जाहिरातींत त्याचे प्रमाणपत्र मागितले जाऊ लागले आणि अंबाजोगाई, माजलगाव, गेवराईच्या बाजारपेठेत दुकानांच्या वरच्या मजल्यावर संगणक वर्ग उघडले. माउस कसा धरायचा, फोल्डर कसा करायचा, हे तिथे शिकलेली पिढीच पुढे गावोगावच्या सेवा केंद्रांत खुर्चीवर बसली. सॉफ्टवेअर शिकण्याची बीडमधली ही पहिली सार्वजनिक शाळा म्हणता येईल.

'डाउनलोड' हा शब्द मात्र वर्गात शिकवला गेला नाही. तो मोबाइलच्या दुकानाने आणला.

साधारण २००८ ते २०१५ या काळात मेमरी कार्ड ही जिल्ह्यात मोठी वस्तू होती. फोनमध्ये इंटरनेट नसे किंवा असले तरी परवडत नसे. पण मोबाइल दुरुस्तीच्या प्रत्येक दुकानात एक संगणक असे आणि बाहेर पाटी असे: गाणी डाउनलोड करून मिळतील. गिऱ्हाइकाने कार्ड काढून द्यायचे आणि काय हवे ते सांगायचे: कीर्तने, अभंग, भीमगीते, लावण्या, नवा हिंदी सिनेमा. दुकानदार कार्ड रीडरला लावून भरून द्यायचा. पैसे गाण्यागणिक नसत. कार्ड किती जीबीचे यावर ठरत. डाउनलोड म्हणजे 'भरून घेणे', असा अर्थ तेव्हा रुजला तो अजून गेलेला नाही. आजही जुनी माणसे "ॲप भरून दे" म्हणतात, तरुण "ॲप टाकून दे" म्हणतात. दोन्हींत 'दे' आहे. आपण स्वतः करायचे काम म्हणून डाउनलोड इथे आलेच नाही.

या दुकानांचे खरे गिऱ्हाईक दसरा-दिवाळीच्या सुमारास येई. बीड हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज, परळी या भागांतून दरवर्षी लाखो माणसे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकच्या कारखान्यांकडे निघतात. मुकादमाकडून उचल घेतली की ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, धान्य, लेकरे, कोंबड्या आणि पाच-सहा महिन्यांचा संसार चढतो. निघायच्या आधी मेमरी कार्ड भरून घेणे हा त्या बांधाबांधीचा भाग झाला. फडावरच्या कोपीत वीज नसे. फोन गावात कुठे तरी चार्ज करून आणायचा आणि रात्री थोडा वेळ कीर्तन ऐकायचे. एकाच्या कार्डातले दुसऱ्याला ब्लूटूथने द्यायचे. एक फाइल जायला दहा मिनिटे लागली तरी कोणाला घाई नसे.

५ सप्टेंबर २०१६ ला रिलायन्स जिओची सेवा सुरू झाली आणि हे चित्र वर्षभरात पालटले. सुरुवातीचे सहा-सात महिने डाटा फुकट होता. पुढच्या वर्षी पंधराशे रुपये अनामत घेऊन जिओफोन आला. बीड शहराला तेव्हा रेल्वे नव्हती; ती अहिल्यानगरहून १७ सप्टेंबर २०२५ ला आली. मोबाइलवरचा सिनेमा, बाजारभाव आणि हवामानाचा अंदाज तिच्या कितीतरी आधी पोहोचले. मेमरी कार्ड भरणाऱ्या दुकानदारांनी पाटी बदलली. 'गाणी डाउनलोड'च्या जागी 'सर्व ॲप इन्स्टॉल, जीमेल अकाउंट, पासवर्ड रिसेट' आले.

तरीही ॲप एकाकडून दुसऱ्याकडे हातोहात जाण्याची सवय टिकून होती. प्ले स्टोअरवरून घ्यायला जीमेल खाते हवे, ते उघडायला पासवर्ड हवा, आणि पासवर्ड लक्षात राहत नसे. त्यापेक्षा शेअरइट किंवा झेंडर उघडायचे, शेजारच्या फोनमधले ॲप सरळ आपल्या फोनमध्ये ओढायचे. त्याला नेटही लागत नसे. २९ जून २०२० ला केंद्र सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली. देशभर चर्चा झाली ती टिकटॉकची. गावात मात्र त्याच यादीतल्या शेअरइट, झेंडर, यूसी ब्राउझर आणि कॅमस्कॅनर यांची उणीव जास्त जाणवली. पहिली दोन ॲप पोहोचवायची साधने होती आणि शेवटचे कागद स्कॅन करायचे. गल्लीतल्या ज्या पोरांनी टिकटॉकवर चारदोन हजार लोक मिळवले होते, त्यांचे व्हिडिओ एका रात्रीत गेले, तेही खरेच.

करमणुकीची सॉफ्टवेअर अशी हसतखेळत आली. सरकारी कामाची आली ती रांगेतून.

२४ जून २०१७ ला राज्य सरकारने छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेची घोषणा केली. दीड लाखापर्यंतची कर्जमाफी. पण अर्ज ऑनलाइन, आणि आधारशी अंगठा जुळवून. महिनाभराने अर्ज सुरू झाले. ज्या माणसाने आयुष्यात कधी संगणकासमोर बसून काही केले नव्हते, त्याला नवरा-बायको दोघांच्या अंगठ्यासह आपले सरकार सेवा केंद्रात जावे लागले. दिवसा सर्व्हर चालेना म्हणून लोक रात्री केंद्रांवर थांबले, मुक्काम केले. खुरपणी आणि कापूस वेचणी करून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या होत्या, त्यांचा अंगठा यंत्र ओळखत नव्हते. बोट पुसायचे, ओले करायचे, दुसरे बोट लावून पाहायचे. 'सर्व्हर डाऊन' हे दोन शब्द त्या पावसाळ्यात मराठी झाले. सॉफ्टवेअर म्हणजे ज्याच्यासमोर आपल्या हाताचीच साक्ष पटत नाही असे काही तरी, ही भावना त्या रांगेत तयार झाली आणि ती पुढच्या प्रत्येक नव्या ॲपच्या वाट्याला आली.

दुसरी रांग पीकविम्याची. प्रधानमंत्री पीकविमा योजना २०१६ च्या खरिपापासून सुरू झाली. बीडला विम्याची गरज मोठी, कारण पाऊस बेभरवशाचा. आणि भरपाईचे दावेही मोठे. इतके की २०२० च्या खरिपात जिल्ह्यासाठी विमा कंपन्या पुढे येईनात. तेव्हा सरकारी मालकीच्या भारतीय कृषी विमा कंपनीमार्फत वेगळी रचना ठरली, ती 'बीड पॅटर्न' म्हणून ओळखली जाते. जमा विमा हप्त्याच्या ११० टक्क्यांपर्यंतची भरपाई कंपनीने द्यायची, त्यापुढचा भार राज्याने उचलायचा. भरपाई ८० टक्क्यांच्या आत राहिली, तर कंपनीने २० टक्के ठेवून घ्यायचे आणि उरलेले पैसे राज्याला परत करायचे. पुढे हाच पॅटर्न राज्यभर लागू करावा म्हणून महाराष्ट्राने केंद्राकडे आग्रह धरला.

शेतकऱ्याच्या बाजूने या योजनेत एक घड्याळ होते. पिकाचे नुकसान झाले तर ७२ तासांच्या आत कळवायचे: ॲपवर किंवा फोनवर. ज्या रात्री ढगफुटी झाली, वीज गेली, मोबाइलचा टॉवर बंद पडला, नेमक्या त्या रात्रीपासून ७२ तास मोजायला सुरुवात. सप्टेंबर २०२१ च्या अखेरीस मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले, नदीकाठची सोयाबीन पाण्यात गेली, तेव्हा चार्जिंग असलेला फोन ज्याच्याकडे होता त्याच्याभोवती गावाने कोंडाळे केले. विमा क्रमांक, गट क्रमांक, नुकसानीचे कारण, पाण्यात उभ्या पिकाचा फोटो; एकामागून एक तक्रारी त्या एका फोनवरून गेल्या.

त्याच्या सहा आठवडे आधी, १५ ऑगस्ट २०२१ ला, ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली होती. महसूल आणि कृषी विभागाने टाटा ट्रस्टच्या साथीने हे ॲप तयार केले. त्याचे घोषवाक्य होते 'माझी शेती, माझा सातबारा, मीच नोंदविणार माझा पीक पेरा'. जमीन महसूल संहिता लागू झाली त्याला त्याच दिवशी ५४ वर्षे झाली होती. इतकी वर्षे जो रकाना तलाठ्याच्या हातात होता तो खातेदाराच्या हातात देण्याचा हा निर्णय, आणि तो कागदावर लहान दिसत असला तरी गावाच्या दृष्टीने मोठा होता.

ॲप वापरून पाहिलेल्या शेतकऱ्यांना त्यातल्या काही गोष्टी लगेच आवडल्या. सगळे मराठीत होते, आणि मराठीही महसुलाची, ओळखीची: खाते क्रमांक, गट क्रमांक, पोटखराबा, निर्भेळ पीक, मिश्र पीक, चालू पड, कायम पड, जलसिंचनाचे साधन. हे शब्द सातबाऱ्यावरून लोकांना पाठ होते. गाव निवडून स्वतःचे नाव शोधले की ते खातेउताऱ्यावर आहे तसेच पडद्यावर येते, याचे अप्रूप वाटले. बांधावरची झाडे नोंदवायची वेगळी सोय होती. बालाघाटच्या डोंगराळ पट्ट्यात, जिथे बांधाबांधावर सीताफळे आहेत आणि ज्या बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तिथे झाडे मोजून घालताना म्हाताऱ्या माणसांनाही हुरूप आला. आजवर ही झाडे कोणी विचारली नव्हती.

अडचणीही लगेच दिसल्या. एकर आणि हेक्टरचा घोळ पहिला. फोनमध्ये जागा नसणे हा दुसरा. ॲप मावावे म्हणून लग्नाचे व्हिडिओ पुसावे लागले. जीपीएस चालू करायचे राहून गेले की गाडी अडते. कपाशीत तुरीचे पाटे असतील तर मुख्य पीक कोणते आणि दुय्यम कोणते, क्षेत्र कसे वाटायचे, हे पहिल्या वर्षी गावागणिक वेगळे भरले गेले. आणि एकदा पाठवलेली चूक दुरुस्त करता येत नव्हती.

या तक्रारी वर पोहोचल्या, हे मान्य केले पाहिजे. १ ऑगस्ट २०२२ पासून दुसरी आवृत्ती आली. तिच्यात ४८ तासांत स्वतःची नोंद दुरुस्त करायची मुभा मिळाली. शेतकऱ्याने केलेली पाहणी स्वयंप्रमाणित धरून तलाठ्याने फक्त १० टक्के नोंदी तपासायच्या ठरले. फोटो घेताना माणूस आपल्या गटापासून दूर असेल तर ॲप तसे सांगू लागले, त्यामुळे घरी बसून फोटो टाकणे अवघड झाले.

दुसऱ्या आवृत्तीतला आणखी एक बदल फारसा बोलला गेला नाही, पण बीडच्या दृष्टीने तोच सर्वांत बोलका आहे. पहिल्या आवृत्तीत एका मोबाइलवरून २० खातेदारांची नोंदणी करता येत होती. दुसरीत ती मर्यादा ५० झाली. म्हणजे 'मीच नोंदविणार' या घोषणेच्या शेजारीच सरकारने हेही ओळखले की गावात नोंदवणारा हात एकच असतो आणि शेते अनेकांची. तो हात आता तलाठ्याचा नव्हता. तो पुतण्याचा, सुनेचा, बारावी झालेल्या शेजाऱ्याच्या मुलीचा, कोतवालाचा किंवा रोजगारसेवकाचा होता. पुढे शासनानेच पाहणीसाठी गावोगाव सहायक नेमले, त्यांनाही बहुतेक हीच मुले मिळाली.

पटवाऱ्याच्या काळापासून चालत आलेली मध्यस्थाची प्रथा ॲपने मोडली नाही. तिचे घर बदलले. पूर्वी शेतकरी चावडीत जाई आणि बसून राही. आता मोबाइलवाला शेतात येतो. पूर्वी काय लिहिले ते दिसत नसे. आता लिहिताना पडद्यावर दिसते आणि हटकता येते. आबांनी ०.८१ वर हरकत घेतली ती म्हणूनच. तो आकडा त्यांच्या डोळ्यांदेखत लिहिला जात होता, आणि असे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होते.

ज्यांना ॲपची भाषा कळत नाही त्यांची गोष्ट वेगळी होते, हे ई-पीक पाहणी आली त्याच वर्षी अंगणवाड्यांत दिसले. मार्च २०२१ मध्ये केंद्राचे पोषण ट्रॅकर ॲप आले. सेविकांना दिलेले फोन कमी क्षमतेचे, ॲप इंग्रजीत. फोन गरम होई, अडकून बसे. बालकाचे वजन लिहायला इंग्रजी शब्द शोधत बसावे लागे. ऑगस्टमध्ये राज्यभरच्या सेविकांनी प्रकल्प कार्यालयांत फोन परत करण्याचे आंदोलन केले. मराठी ॲप द्या, ही त्यांची मागणी होती. एकाच महिन्यात एकाच गावात दोन सरकारी ॲप वापरली जात होती. एकात 'पोटखराबा' लिहिलेले होते म्हणून सत्तर वर्षांचा माणूस वाकून पाहत होता; दुसऱ्यात इंग्रजी होते म्हणून रोज शंभर नोंदी करणारी बाई फोन परत करत होती.

बायांच्या हातात ॲप खऱ्या अर्थाने आले ते २०२४ च्या जुलैत. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे अर्ज १ जुलैपासून सुरू झाले आणि ते भरायला नारीशक्ती दूत हे ॲप होते. महिना १,५०० रुपयांसाठी आधार, बँक पासबुक, रेशनकार्ड, हमीपत्र यांचे फोटो चढवायचे. ज्या घरात फोन आजवर नवऱ्याच्या खिशात असे, तिथे तो दुपारभर ओट्यावर आला. गल्लीतली एखादी कॉलेजची मुलगी आणि तिच्याभोवती कागदांची पिशवी घेतलेल्या दहा-बारा जणी, असे दृश्य त्या महिन्यात वाड्यावस्त्यांवर होते. अंगणवाडी सेविकाही त्यात होत्या, ज्यांनी तीन वर्षांपूर्वी फोन परत केले होते. ओटीपी दुसऱ्याला सांगायचा नाही, हे त्याच ओट्यावर एकमेकींनी एकमेकींना शिकवले, आणि तरीही नवऱ्याच्या नंबरवर आलेला ओटीपी मागायला त्यांना रानात पळावे लागत होते.

त्याच वर्षी बीडचे नाव दिल्लीच्या कागदांत आले. शेतकऱ्यांना आधारसारखा स्वतंत्र ओळख क्रमांक देण्याच्या ॲग्रिस्टॅक योजनेचा प्रायोगिक टप्पा देशातल्या सहा जिल्ह्यांत झाला: उत्तर प्रदेशातले फर्रुखाबाद, गुजरातमधले गांधीनगर, हरियाणातले यमुनानगर, पंजाबातले फतेहगढ साहिब, तमिळनाडूतले विरुधुनगर आणि महाराष्ट्रातले बीड. २ सप्टेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने २,८१७ कोटी रुपयांच्या डिजिटल कृषी मिशनला मंजुरी दिली, त्यात हीच ओळख आणि पिकांची डिजिटल पाहणी हे पाये आहेत. ई-पीक पाहणीही आता डिजिटल क्रॉप सर्व्हेच्या साच्यात गेली आहे. जुने ॲप काढून नवे टाकावे लागले, पुन्हा गाव निवडावे लागले, पुन्हा नाव शोधावे लागले. सराव झालेल्या मुलांना ते जमले. ज्यांनी एकदाच कसेबसे शिकून घेतले होते, ते पुन्हा मुलांकडे आले.

एक अडचण मात्र कुठल्याही आवृत्तीत सुटलेली नाही, आणि ती बीडचीच आहे. खरिपाची पाहणी १ ऑगस्ट ते १५ सप्टेंबर. तेव्हा माणसे गावात असतात. रब्बीची पाहणी १ डिसेंबर ते १५ जानेवारी. त्या दिवसांत गळीत हंगाम ऐन भरात असतो. ज्वारी पेरून, घराला कुलूप लावून किंवा म्हाताऱ्यांवर सोपवून जोडपे कोल्हापूर, सांगली नाहीतर बेळगावच्या फडावर गेलेले असते. घरातला चांगला फोन त्यांच्याबरोबर जातो, कारण मुकादमाशी, कारखान्याशी, लेकरांच्या शाळेशी बोलायला तोच असतो. पाहणीचा सांकेतांक त्या फोनवर येतो आणि पाहणी करायची ज्वारी तीनशे किलोमीटर मागे उभी असते. फडावर बसून फोटो घेतला तर ॲप सांगते, तुम्ही गटापासून दूर आहात. ते खरे असते.

अशा वेळी गावातला तोच मोबाइलवाला मुलगा कामाला येतो. संध्याकाळी तो फडावर फोन लावतो, चार अंकी सांकेतांक विचारून घेतो, पाहणी उरकेपर्यंत लक्षात ठेवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हाताऱ्याला बरोबर घेऊन ज्वारीत जातो. हिवाळ्यात दव असते. फोटोत कणसापेक्षा थेंबच जास्त दिसतात, म्हणून ऊन चढेपर्यंत दोघे बांधावर थांबतात. म्हातारा तेवढ्यात सांगतो की या गटाची पाहणी त्याच्या वडिलांच्या वेळी कशी झाली होती: पटवारी घोडीवरून आला होता, बांधाला वळसा घालून गेला होता, उतरला नव्हता.

काम झाले की मुलगा ॲपमधली गावाची यादी उघडतो. गावातल्या सगळ्या खातेदारांची पाहणी तिथे कोणालाही पाहता येते. ज्यांची झाली त्यांची नावे हिरवी दिसतात. पूर्वी ही यादी तलाठ्याच्या कपाटात असे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ऊसतोडीला जाणाऱ्या गावात ती निम्मी-अर्धी पांढरीच असते. मुलगा बोटाने यादी सरकवत जातो, पांढऱ्या नावांतून कोणाचे शेत ओढ्यापलीकडे, कोणाचे देवळामागे, हे मनाशी लावतो, आणि आज दुपारपर्यंत किती गट होतील याचा हिशेब करत पुढच्या बांधाकडे चालू लागतो.